फोटोचं आगाऊ आरक्षण

"भिंतीवरच्या माणसानं हसावं का रं, सुकुमार?" आप्पांनी विचारलं.

मी कॅमेऱ्याच्या मागे एक डोळा मिटून उभा होतो. कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा. तिवई शाळेच्या प्रयोगशाळेतली, आणि तिच्यावर तो बसत नव्हता म्हणून सुतळीनं करकचून बांधलेला. अशा अवस्थेत माणसाला प्रकाशाबद्दल, फार तर सुतळीबद्दल प्रश्न अपेक्षित असतात.

"थोडं हसा," मी म्हणालो. "पण दात दिसू देऊ नका."

"दात हाईत कुठं?"

"आप्पा, हलू नका."

"भिंतीवर गेल्यावर कोन हलतंय? आत्ता हलू दे की जरा."

"कुठली भिंत?" हौसाकाकींनी विचारलं. त्या आप्पांच्या डाव्या अंगाला थर्माकोलचा मोठा पांढरा पत्रा धरून उभ्या होत्या. ऊन त्याच्यावर पडून आप्पांच्या गालावर परतावं अशी माझी योजना होती.

"पासाचा फोटो गं," आप्पा घाईनं म्हणाले. "म्हाताऱ्यांच्या पासाचा. हापिसात भिंतीला लावत्यात आधी."

काकींचा एस्टीवर विश्वास होता. त्यांनी थर्माकोल आणखी वर उचलला आणि मी बटण दाबलं.

ही गोष्ट दोन हजार तीन सालच्या फेब्रुवारीतली, तासगावची. मी हायस्कूलमध्ये प्रयोगशाळा सहायक होतो, एकतीस वर्षांचा, आणि घरात आई आणि कुणालाही न जुमानणारा एक संगणक होता. तो मीच सुटे भाग आणून जोडलेला, त्यामुळे त्याच्या आजारांना दुसरं कुणी जबाबदार नव्हतं. माझी एक वेबसाइटही होती, 'सुकुमारच्या नोंदी' नावाची. तिच्यात तीन विभाग होते: फोटो कसे काढावेत, वेबपान कसं बनवावं आणि संगणक बिघडला तर काय करावं. नोंद क्रमांक एक अशी होती: 'संगणक सुरू होत नसल्यास प्रथम प्लग तपासावा, नंतर स्वतःला.' पानाच्या तळाशी वाचकसंख्या दाखवणारा आकडा होता. तो दोनशे बारावर होता आणि त्यातले साधारण दोनशे वेळा मीच, आकडा वाढला का ते बघायला गेलेलो.

आप्पा खराडे आमचे शेजारी. चौतीस वर्षं एस्टीत काढलेली, त्यातली शेवटची एकोणीस तासगाव स्टँडवर कंट्रोलर म्हणून. गाड्या पुकारून पुकारून त्यांचा आवाज असा झाला होता की नुसतं "मीठ दे" म्हणाले तरी गल्लीतली दोन माणसं पिशव्या उचलायची. साधं बोलताना ते तासगावचे असत, पण काही महत्त्वाचं सांगायचं झालं की एकदम शुद्ध होत. "हौसाबाई खराडे जिथे असतील तिथून चहा घेऊन फलाट क्रमांक एकवर याव्यात," असं ते जोत्यावर बसून म्हणत. काकी आतून म्हणत, "गाडी लेट हाय."

तर अशा माणसाला जिवंतपणी भिंतीवरचा फोटो कशाला काढून ठेवायचा होता? त्याचं कारण त्यांच्या सोप्यातच टांगलेलं होतं.

ते कारण म्हणजे दौलतदादांचा फोटो. दौलतदादा हे तीन भावांतले थोरले, सहा फुटी, तालमीतले. ते ब्याण्णव साली गेले तेव्हा त्यांचा एकट्याचा फोटो घरात एकही निघाला नाही. धाकट्या शामरावांनी कुठल्याशा लग्नातला घोळक्याचा फोटो नेऊन सांगलीच्या स्टुडिओत त्यातले दादा तेवढे कापून मोठे करून आणले. दादा छान आले होते. फक्त त्यांच्या उजव्या खांद्यावर मनगटापासून पुढचा एक हात होता. बोटात चांदीची अंगठी. मालक गायब आणि हात तेवढा खांद्यावर, असा तो फोटो फ्रेममध्ये बसला आणि भिंतीवर चढला.

हात शामरावांचा होता. तेराव्याच्या पंगतीत, अख्खी भावकी जेवत असताना आप्पांनी विचारलं, "दादाचा फोटो कापताना स्वतःचा हात तेवढा भिंतीवर चढवलास व्हय रं?" मग लोक हसले, आप्पाही हसले. शामराव अर्ध्या ताटावरून उठले आणि इचलकरंजीला निघून गेले. तिथं ते यंत्रमागावर होते. त्याला अकरा वर्षं झाली होती. दोघं भाऊ एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत. हौसाकाकी आणि शामरावांच्या मंडळी तेवढ्या संक्रांतीला, दिवाळीला चोरून फोनवर बोलायच्या. आप्पांच्या घरी फोन नव्हता. बोलणं आमच्या फोनवर व्हायचं, आणि त्यांच्या पै-पाहुण्यांकडे आमचाच नंबर, पुढे 'पीपी' लिहून.

"माझ्या येळंला फोटोवरनं भांडन नको," आप्पा म्हणाले होते. "आत्ताच काढून ठिवू. आगाऊ आरक्षण."

फोटो संगणकावर उघडला तेव्हा आप्पा माझ्या खुर्चीत बसून तो निरखत राहिले. थर्माकोलनं काम केलं होतं. गाल उजळले होते, डोळ्यांत एकेक चमक होती.

"ब्येस," ते म्हणाले. "आता हार घालून दाव."

"हार?"

"हारात कसा दिसतोय त्ये बघाय नको? खरा हार घातला तर हौसा मला घराभायेर घालंल. तुझ्या ह्येच्यात घाल."

आता यात चूक माझीच आहे. शहाण्या माणसानं तिथंच नाही म्हटलं असतं. पण मी त्याच महिन्यात एका पुस्तकातून थरांचं तंत्र शिकत होतो. म्हणजे एका फोटोवर दुसरा फोटो असा अलगद ठेवायचा की तो तिथलाच वाटावा. सरावाला काहीतरी हवंच होतं. मी त्यांच्या सोप्यात जाऊन दौलतदादांच्या फोटोवरचा चंदनाचा हार टिपून आणला. मग रोज संध्याकाळी शाळेतून आल्यावर त्या हाराभोवतीची भिंत, खांदा आणि अंगठीचा हात पुसत बसलो. हाराला एकशे चार पाकळ्या होत्या. संगणक एकोणीस वेळा अडकला. आप्पा मागे स्टुलावर बसून बघायचे आणि तो अडकला की विचारायचे, "पंक्चर?"

पंधरवड्यानं हार चढला. मी त्याला खालून हलकी सावलीही दिली. आप्पा चष्मा पुसून पुढे सरकले.

"चांगला दिसतोय की मी," ते म्हणाले. "आसं वाटतंय की कोनतरी चांगला मानूस गेला."

मला माझ्या कामाचा फार अभिमान वाटला. पण आप्पा उठेनात. त्यांनी पडद्यावरच्या हारावरून बोट फिरवलं, तो खरा आहे का बघितल्यासारखं.

"शाम्या येईल का रं?" त्यांनी विचारलं.

"कुठं?"

"हितं. म्या ह्या हारात गेल्यावर. तेराव्याला तरी?"

"तुम्ही आत्ताच बोलवा की, आप्पा. जिवंतपणी."

"त्येनं यावं," ते म्हणाले आणि उठून गेले.

पंधरा मार्चच्या शनिवारी मी ती सगळी विद्या वेबसाइटवर चढवली. 'फोटोवर हार कसा घालावा' ही नोंद क्रमांक सत्तावीस. आधीचा बिनहाराचा फोटो वर, हाराचा खाली, मग पायऱ्या. आप्पांची परवानगी घेतली होती. "जगभर दिसंल?" त्यांनी विचारलं. "दिसेल," म्हटल्यावर, "मग टाक," म्हणाले. तरी मी खबरदारी घेतली. ठळक अक्षरांत लिहिलं: 'सूचना: फोटोतील गृहस्थ हयात असून त्यांची प्रकृती उत्तम आहे.' माझ्या पडद्यावर सगळं चोख दिसत होतं. मग बाहेरगावी असलेल्या साठ-एक तासगावकरांना ईमेल पाठवली की नवीन नोंद आली आहे, जरूर पाहावी.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी नऊपासून मी इंटरनेटवर होतो. त्या काळी इंटरनेट फोनच्या तारेतूनच यायचं आणि ते चालू असलं की फोन बंद. आई दोनदा ओरडून गेली. पण मी उठू कसा? आकडा दोनशे बारावरून दोनशे त्रेचाळीसवर गेला होता. लोक वाचत होते. जेवणसुद्धा मी पडद्यासमोर केलं.

अडीचच्या सुमाराला मी खिडकीतून सहज बाहेर बघितलं. पांढरा सदरा, पांढरी टोपी घातलेला एक साठीचा माणूस गल्लीतून येत होता. एका हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी, त्यातून झेंडूची फुलं डोकावत होती. दुसऱ्या हातानं त्यानं तोंडावर टॉवेल दाबून धरला होता. त्या हाताच्या बोटात चांदीची अंगठी होती.

ती अंगठी मी पंधरवडाभर पाकळ्या पुसताना रोज बघितली होती. मी तसाच बाहेर धावलो.

आप्पा जोत्यावर बसून बेदाण्यांच्या काड्या काढत होते. तीन काड्या काढायच्या आणि एक बेदाणा तोंडात टाकायचा अशी त्यांची पद्धत होती. काकी शेजारी सुपात पाखडत होत्या. शामराव अंगणात आले आणि थांबले. टॉवेल तोंडावरून खाली आला.

आप्पांनी चष्मा वर केला. तोंडातला बेदाणा तसाच राहिला.

"आप्पा," शामराव म्हणाले, "तू जित्ता हाईस?"

"मग?" आप्पा म्हणाले. "कुनी काय सांगितलं?"

"चित्रीनं." चित्रा म्हणजे शामरावांची मुलगी, बेंगळुरूला नोकरी करणारी. "सकाळी रडत फोन केला पोरीनं. कंप्युटरवर बघितलं म्हनली. तुझा हार घातलेला फोटो, खाली कालची तारीख, खाली वय एकाहत्तर. हितल्या फोनवर शंभरदा लावला, लागंना. म्हनली, मान्सांनी रिसीवर काढून ठिवला आसंल. म्या तसाच उठून आलो."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मला त्या क्षणी गप्प बसायला हवं होतं. पण संगणक बिघडला की एकेक कारण वगळत मुळाशी जायचं ही माझी पद्धत, आणि तिच्यावरचा माझा ताबा सुटला. मी सांगायला लागलो. की मराठी अक्षरांचा खास फॉन्ट ज्याच्या संगणकात नसतो त्याला माझं पान नुसतं इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतं, म्हणून 'हयात असून' हे चित्राला वाचता आलं नाही. आकडे तेवढे बरोबर दिसतात, म्हणून तारीख दिसली, पण ती नोंदीची तारीख. आणि एकाहत्तर हे वय नव्हतंच, ते फोटोच्या फाइलचं वजन होतं, एकाहत्तर केबी.

"पण बिनहाराचाबी फोटो टाकला हुतास न्हवं?" आप्पांनी विचारलं.

मी आत पळालो, पान तपासलं आणि परत आलो. "तो दिसत नाही कुणाला," मी म्हणालो. "मी चुकून त्याचा पत्ता माझ्याच संगणकातला दिला होता. त्यामुळे तो फक्त आमच्या घरात दिसतो. बाहेर फुली येते."

"म्हंजे घरात म्या जित्ता," आप्पा म्हणाले, "आन् जगभर गेलेला."

"कुनाच्या फोटोला हार?" काकींनी हळू आवाजात विचारलं. इतका वेळ त्या ऐकतच होत्या. सूप त्यांनी खाली ठेवलं होतं.

आप्पांनी सुपातल्या बेदाण्यांकडे बघितलं.

"पासाचा फोटो न्हवं त्यो?" काकी म्हणाल्या. "ह्येंच्या फोटोला हार? म्या कपाळाला कुकू लावून हिंडतोय आन्... आन् त्यो पांढरा पत्रा म्या धरला हुता?"

त्यांना हारापेक्षा थर्माकोल जास्त लागला असावा. त्या पदर तोंडाला लावून खाली बसल्या. शामरावांचा चेहरा मात्र एव्हाना बदलला होता. इतका वेळ भाऊ दिसल्याचा आनंद त्यावर कसाबसा लपवलेला होता. आता तिथं दुसरंच काहीतरी आलं.

"समजलं," ते आप्पांना म्हणाले. "मला बोलवाय मेल्याचं सोंग केलंस. एक कार्ड टाकलं आसतंस तर काय झालं आसतं? तीन गाड्या बदलून आलो मी. सांगलीच्या स्टँडवर रडलो, लोकं बघत हुती. आन् तू हितं बेदानं खातोयस."

"काका, त्यांनी नाही, मी..." मी म्हणालो.

"तू गप." त्यांनी तो हार माझ्या हातात कोंबला आणि वळून चालायला लागले.

आप्पा बसून राहिले. "जाऊ दे," ते म्हणाले. "अकरा वर्सं गेलाच हुता."

काकींनी डोळे पुसले आणि माझ्या हातातल्या हाराकडे बोट केलं. "आत्ता बसून ऱ्हायलासा," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तर ह्योच हार मी स्वता तुमच्या गळ्यात घालीन. मग बसा भिंतीवर."

आप्पांनी दोन काड्या काढल्या. तिसरी हातातच राहिली. मग ते उठले आणि पायात चप्पल चढवली. उजवी चप्पल डाव्या पायात गेली होती.

"सुकुमार," ते म्हणाले, "लुना काढ."

स्टँडवर पोचलो तेव्हा सांगलीमार्गे इचलकरंजीला जाणारी तीनची गाडी फलाटाला लागली होती. ड्रायव्हर चढत होता. मागून तिसऱ्या खिडकीत पांढरी टोपी दिसत होती, तोंड पलीकडे. मला वाटलं आप्पा गाडीकडे जातील. पण ते सरळ कंट्रोलरच्या खोलीत शिरले. तिथं मुल्लासाहेब होते, आप्पांच्या हाताखाली तयार झालेले. आप्पा दिसताच ते सवयीनं खुर्चीवरून उठले, आणि आप्पा सवयीनं बसले. त्यांनी माईक पुढे ओढला आणि त्यावर दोनदा टिचकी मारली.

"लक्ष द्या," आप्पांचा आवाज स्टँडभर घुमला. "सांगलीमार्गे इचलकरंजीला जाणारी तीन वाजताची बस काही घरगुती कारणास्तव रद्द करण्यात आलेली आहे."

मुल्लासाहेबांनी डोक्याला हात लावला. गाडीतली माणसं गाठोडी घेऊन उतरायला लागली. कंडक्टर दारात उभा राहून, अहो गाडी ही काय उभी आहे, चालू आहे, असं प्रत्येकाला सांगत होता, पण स्टँडवरच्या माणसाचा गाडीपेक्षा माईकवर विश्वास जास्त. बघता बघता गाडी रिकामी झाली. खिडकीतली पांढरी टोपी तेवढी हलली नाही.

"लक्ष द्या," आप्पा पुन्हा म्हणाले. "सदर बस रद्द करण्यात आलेली नाही. प्रवाशांनी पुन्हा बसून घ्यावे. फक्त प्रवासी शामराव तुकाराम खराडे यांनी खाली उतरावे. त्यांचे थोरले बंधू..." आवाज तिथं अडखळला. एकोणीस वर्षांत तो माईकवर कधी अडखळला नव्हता. "शाम्या, उतर की रं," आप्पा म्हणाले. "चुकलं माजं."

चढणारे अर्ध्या पायरीवर थांबले. खिडकीतली टोपी आता इकडे वळली.

"काय चुकलं त्येबी सांग," शामराव खिडकीतून ओरडले.

"पंगतीत बोललो त्ये."

"काय बोललास?"

"दादाचा फोटो कापताना स्वतःचा हात भिंतीवर चढवलास म्हनलो," आप्पांनी माईकवरून सांगितलं. हे इतक्या स्पष्ट आवाजात की चार नंबरच्या फलाटावरच्या लोकांनीही माना हलवल्या.

शामराव उतरले. गर्दीनं वाट करून दिली. ते खोलीच्या दारात येऊन उभे राहिले, माईक चालूच होता, आणि तो चालू आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"हात चुकून न्हवता ऱ्हायला," ते म्हणाले, आणि ते शब्द बाहेरच्या कर्ण्यांतून परत आत ऐकू आले. "स्टुडिओवाला म्हनत हुता, हात काढून टाकतो, कळनारबी न्हाई. म्याच म्हनलं, ऱ्हाऊ दे. तुला ठावं हाय, दादा एवढा पैलवान, पर एकला झोपत न्हवता. शेतात वस्तीला जायचं तरी आपल्यातला एकजन संगं लागायचा. भिंतीवर एकलाच कसा ऱ्हाईल त्यो? म्हनून ठिवला हात."

आप्पांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला.

"मग सांगाय काय झालं हुतं?" ते म्हणाले. "अकरा वर्सं?"

"तू इचारलंस कुटं? तू पंगतीत हसलास."

मुल्लासाहेबांनी हळूच हात पुढे करून माईकचं बटण बंद केलं. पुढचं काय बोलणं झालं ते स्टँडला कळलं नाही, आणि मीही बाहेर येऊन लुनाजवळ उभा राहिलो. तिथून दोघांच्या पाठी दिसत होत्या. काही वेळानं गाडीतल्या एका आजींनी खिडकीतून विचारलं, "मिटलं का? मग सोडा की आता गाडी."

संध्याकाळी काकींनी आप्पांची दृष्ट काढली. मीठ-मोहऱ्या त्यांच्यावरून ओवाळल्या, मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्यो हार कुटं हाय, तितनंबी काढाय पायजे." मी वेबसाइटवरचा फोटो त्यांच्यादेखत पुसला. पण तेवढ्यानं त्यांचं समाधान होईना. त्यांनी संगणकावरूनही मीठ-मोहऱ्या सात वेळा ओवाळल्या. चार मोहऱ्या कळफलकात गेल्या आणि त्यानंतर 'क' दाबला की तो थांबायचंच विसरायचा. नोंद क्रमांक अठ्ठावीस त्यावरच आहे. शामरावांनी आणलेला झेंडूचा हार दौलतदादांच्या फोटोला घातला. घालताना आप्पांनी तो एका बाजूला सारला, हात झाकू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी शामराव जायच्या आधी मी दोघांचा अंगणात फोटो काढला. थर्माकोल धरायला काकींनी साफ नकार दिला, म्हणून तो मी दाराला टेकवला. शामरावांनी भावाच्या खांद्यावर हात टाकला. आप्पा तोंडभर हसले, जिथं दात नव्हते तिथूनही.

त्यानंतर सहा वर्षं दोघांचं येणं-जाणं राहिलं. आप्पा दोन हजार नऊच्या जानेवारीत गेले, दुपारचं जेवून झोपेतच. इचलकरंजीला फोन मीच केला. पहिल्या घंटीला उचलला गेला.

तेराव्याच्या आधी फ्रेमसाठी फोटो हवा होता. तोवर माझा संगणक नवा होता, कॅमेरा नवा होता. मी तो जुना आगाऊ आरक्षणाचा फोटो उघडून शामरावांना दाखवला, हाराशिवाय. गाल उजळलेले, डोळ्यांत चमक.

"ह्यो नको," ते म्हणाले. "त्यो हाय न्हवं, अंगनातला? हसलेला?"

"त्यात तुम्हीपण आहात, काका. तुम्हाला कापावं लागेल."

"मग काप."

मी कापत आणलं. शामरावांची टोपी गेली, चेहरा गेला, खांदा गेला. मनगटाशी येऊन मी थांबलो. नव्या संगणकावर तो हात पुसायला अर्धं मिनिटही लागलं नसतं, आणि पुसलेलं कुणाला कळलंही नसतं. मी मागे बघितलं. शामरावांनी मान हलवली.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

फ्रेम लागली. सोप्यात शेजारी शेजारी दोन भाऊ, आणि दोघांच्या खांद्यावर एकच हात, एकदा तरणा आणि एकदा म्हातारा, अंगठी तीच. शामराव खाली उभे राहून ते बराच वेळ बघत होते.

"माज्या येळंला कुनाचा रं?" त्यांनी विचारलं.

मी घरी जाऊन कॅमेरा आणि तिवई घेऊन आलो. नवा कॅमेरा तिवईवर नीट बसत होता, तरी मी सुतळी बांधली. शामरावांना अंगणात उभं केलं आणि टायमर दहा सेकंदांवर लावला. टायमर लावून पळू नये, पाय तिवईत अडकतो, असं नोंद क्रमांक अठरामध्ये मीच लिहून ठेवलं आहे. मी पळालो. पाय अडकला. तरी वेळेत पोचलो.

फोटो तिरका आला. हात नीट आला.